नव्या गांवीं मुलांचा फावला वेळ

गेल्या वर्षीं जून महिन्यांत मिरजेहून एक विद्यार्थी आमच्या नववीच्या वर्गांत दाखल झाला. वडिलांची बदली झाल्यामुळें हें कुटुंब नेरूळ येथें राहावयास आलें होतें. मुलगा अभ्यासांत बरा, वागण्यांत विनयशील. परंतु मधल्या सुटींत तो एकटाच खिडकीपाशीं उभा असे. ऑगस्ट महिन्यांत ‘माझा रविवार’ या विषयावर मीं निबंध लिहावयास सांगितला. इतरांनीं पानें भरलीं. याच्या वहींत एकच वाक्य होतें: “रविवारीं मी घरीं असतों.”

त्या वाक्यास किती गुण द्यावे हें मला सुचेना. मीं त्याच्या वडिलांस भेटावयास बोलाविलें. ते म्हणाले, “सर, त्याच्यासाठीं आम्हीं काय केलें नाहीं? चांगला मोबाईल घेऊन दिला, क्रिकेटच्या शिकवणीस घातलें. ती शिकवणी लांब. जाण्यायेण्यांतच दोन तास जात. तीन आठवड्यांत त्यानें ती सोडली. आतां खोलीचें दार लावून बसतो, आणि मला मिरजेस आजीकडे पाठवा म्हणतो.” अशा तक्रारी दरवर्षीं कानांवर येतात, म्हणून नव्या गांवीं आलेल्या तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या करमणुकीचा येथें थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, बिऱ्हाड बदलण्याचा भार घरांतील सर्वांवर सारखा पडत नाहीं. मोठ्या माणसांस नवी कचेरी व तेथील सोबती मिळतात. लहान मूल अंगणांत उतरलें कीं घटकाभरांत दुसऱ्याच्या चेंडूमागें धावूं लागतें. चौदा वर्षांच्या मुलाचें तसें होत नाहीं. “मला खेळावयास घ्याल का?” असें विचारण्याची त्यास लाज वाटते, आणि विचारल्यावांचून कोणी घेत नाहीं. जुन्या गांवीं हा प्रश्न त्यास कधीं विचारावाच लागला नव्हता. तेथील खेळगडी आळींत वाढतांवाढतां आपोआप मिळाले होते. त्यानें गमावली आहे ती ही सोबत, आणि विकत आणलेल्या वस्तूनें ती भरून येत नाहीं. ओळखीची जागा, ओळखीचीं माणसें आणि ठरलेली वेळ या तिन्हींचा जेथें मेळ बसतो, तेथेंच ती पुन्हां जुळते.

आपलें नवी मुंबई शहर या कामीं पुष्कळ सोयीचें आहे. मुंबईवरील गर्दीचा भार हलका व्हावा या हेतूनें महाराष्ट्र शासनानें १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन केली, आणि खाडीच्या पूर्वेस १४ उपनगरांचें हें शहर आखलें गेलें. वाशीचा खाडीपूल १९७३ सालीं झाला व १९९२ सालीं वाशीपर्यंत आगगाडी आली. प्रत्येक उपनगराचे सेक्टर पाडून, शाळा, बाजार व मैदान घरापासून पायीं जाण्याजोग्या अंतरावर असावें, अशी आखणीची दृष्टि होती. येथील बहुतेक कुटुंबें एकदोन पिढ्यांमागें दुसरीकडून आलेलीं आहेत. ज्या मुलास आपण एकटेच परके आहों असें वाटतें, त्यानें आपल्या बांकावरील सोबत्यास “तुमचें मूळ गांव कोणतें?” असें एकदां विचारून पाहावें.

या नियमास अपवाद आहे तो येथील ९५ गांवांतील आगरी व कोळी बांधवांचा. त्यांच्या जमिनी या शहरासाठीं घेण्यांत आल्या. भातशेती व मिठागरें जाऊन त्यांच्या डोळ्यांदेखत गांव पालटलें. घर न सोडतांही मनुष्यास आपलें गांव हरवल्याचें दुःख होऊं शकतें. नवागतानें हें जाणून या मूळ रहिवाशांशीं आदरानें वागावें.

आतां प्रत्यक्ष काय करावें? पहिल्या आठवड्यांत आईनें किंवा वडिलांनीं मुलास बरोबर घेऊन संध्याकाळीं अर्धा तास पायीं फिरावें, आणि घरीं आल्यावर त्याच्याकडून परिसराचा एक नकाशा काढवावा. मैदान कोठें आहे, तेथें कोणत्या वेळीं कोणता खेळ चालतो, वाचनालय कोठें आहे, प्रार्थनामंदिर कोठें आहे, या सर्वांची त्यांत नोंद असावी. मग त्यांतील एकच गोष्ट मुलानें स्वतः निवडावी. मोठ्या नांवाच्या दूरच्या संस्थेपेक्षां पायीं दहा मिनिटांवरील साधी जागा बरी, कारण तेथें भेटलेला सोबती बाजारांतही पुन्हां भेटतो. वार व वेळ ठरवून दोन महिने तरी तेथें जावें. दोन दिवसांत मन रमलें नाहीं म्हणून सोडूं नये. वडिलधाऱ्यांनीं पहिल्या दिवशीं बरोबर जावें, जागा व माणसें नीट पाहून घ्यावीं, आणि पुढें मुलास एकट्यानें जाऊं द्यावें. मुलींच्या बाबतींतही हाच नियम असावा. मुलगी घरांत बसली म्हणजे ती सुखी आहे, असें समजूं नये.

जून महिन्यांत येणाऱ्यांस एक अडचण पडते. पावसाळ्यांत चार महिने मैदानें चिखलानें भरतात. तो काळ वाचन, बुद्धिबळ, कॅरम किंवा गायनवादन यांत घालवावा. वाशी येथें विष्णुदास भावे यांच्या नांवाचें नाट्यगृह आहे. भावे यांनीं १८४३ सालीं सांगली येथें ‘सीता स्वयंवर’ हें नाटक रंगभूमीवर आणिलें. सांगली-मिरजेकडून आलेल्या मुलास आपल्या मुलखांतील मनुष्याचें नांव येथें भिंतीवर वाचून खचित बरें वाटेल. पाऊस सरल्यावर हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे ठाण्याच्या खाडींत व सीवूड्सच्या पाणथळ जागीं उतरतात. ते पाहावयास एक वही व पेन्सिल पुरे. पनवेलपलीकडे कर्नाळ्याचें पक्षी अभयारण्य आहे, तें १९६८ सालीं स्थापन झालें; तेथें मात्र मोठ्यांच्या सोबतीनें जावें. खारघरचा पांडवकडा धबधबा पावसांत मोहक दिसतो, परंतु तेथें तरुणांचे प्राण गेले आहेत. भरतीच्या वेळीं खाडीच्या चिखलांत उतरणेंही तितकेंच घातक. नवे मित्र मिळवावयाचे म्हणून नवें धाडस करून दाखवूं नये.

परक्या शहरांत आलेल्या तरुणांचा हा प्रश्न जुनाच आहे. जॉर्ज विल्यम्स नांवाचा शेतकऱ्याचा मुलगा इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांतून १८४१ सालीं लंडन शहरीं आला व कापडाच्या दुकानांत नोकरीस राहिला. आपल्यासारखे अनेक तरुण तेथें घरापासून दूर, सत्संगावांचून दिवस काढीत आहेत हें पाहून त्यानें अकरा सोबत्यांसह १८४४ सालीं प्रार्थना व अभ्यास यांसाठीं एक मंडळ स्थापिलें. तेंच आजचें वाय. एम. सी. ए. मुंबईंत तें १८७५ सालीं आलें. पुढें १८९१ सालीं याच संस्थेच्या अमेरिकेंतील एका शाळेंत, हिंवाळ्यामुळें कोंडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठीं जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास ठोकून बास्केटबॉलचा खेळ काढिला. साधनें थोडीं होतीं. पण ठरलेली जागा होती आणि एकत्र येणारे गडी होते.

आमच्या विद्यार्थ्यानेंही नकाशा काढिला. पावसाळाभर तो दर शनिवारीं वाचनालयांत गेला. तेथें त्याची कोणाशीं मैत्री झाली नाहीं, परंतु दार लावून बसणें थांबलें. दसऱ्यानंतर तो जवळच्या मैदानाच्या कडेस तीन संध्याकाळीं नुसता उभा राहिला. चौथ्या दिवशीं कबड्डीच्या एका संघांत सातवा गडी कमी पडला. करावे गांवच्या एका मुलानें त्यास हांक मारिली, “ए, येतोस का?” पहिल्याच चढाईंत तो धरला गेला, गुडघा सोलवटला, आणि घरीं येऊन आईजवळ बराच वेळ त्याच खेळाविषयीं बोलत बसला, असें वडिलांनीं मला सांगितलें.

मिरजेची आठवण त्यास आजही येते, आणि ती यावी. यिर्मया संदेष्ट्यानें बाबेलास नेलेल्या लोकांस पत्र लिहून, तेथें घरें बांधा, मळे लावा आणि त्या नगराचें हित चिंता, असें कळविलें होतें. यरुशलेम विसरा, असें मात्र त्यानें लिहिलें नाहीं. पालकांनीं मुलांस हीच मोकळीक द्यावी. आणि विद्यार्थ्यांनो, उद्यां तुमच्या मैदानाच्या कडेस एखादा अनोळखी मुलगा उभा दिसला, तर गडी कमी पडण्याची वाट न पाहतां त्यास हांक मारा.