पडद्यावर न उमटलेली ओळ

आज मॅन पेजबद्दल बोलू. टर्मिनलवर ‘मॅन’ लिहून पुढे कमांडचं नाव दिलं की माहितीचं पान उघडतं. मथळे ठळक, काही शब्दांखाली रेघ, मजकूर खिडकीच्या रुंदीत नीट बसलेला. आपण हे रोज बघतो आणि समजतो की फाईलमध्ये हेच लिहिलेलं आहे. तसं नसतं. मीही तसंच समजत होतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

तेव्हा मी बेंगळुरूला एका छोट्या कंपनीत होतो. बॅकअपसाठी आर-सिंकवर चालणारी एक स्क्रिप्ट मी लिहिली होती आणि हौसेनं तिचं मॅन पेजही लिहिलं. आर-सिंकला ‘--डिलीट’ असा पर्याय देता येतो. मूळ जागेत जे नाही, ते प्रतीतूनही काढून टाक, असा त्याचा अर्थ. आता मूळ डिस्क माउंटच झालेली नसेल तर तिथे रिकामी डिरेक्टरी दिसते, आणि आर-सिंक इमानदारीनं प्रतही रिकामी करतो. म्हणून मी स्पष्ट लिहिलं होतं: '--डिलीट' हा पर्याय डिस्क माउंट असल्याची खात्री केल्याशिवाय वापरू नये. ही ओळ इंग्रजीत होती, पण सुरुवात अशीच, सरळ एकेरी अवतरणचिन्हानं.

एका रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला. डिस्क बिघडली होती, त्यामुळे माउंट झाली नाही. रात्रपाळीच्या मुलानं पेज वाचलं, कमांड दिली, प्रत रिकामी. सुदैवानं आधीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी होती, तरी अकरा दिवसांचं काम गेलं. सकाळी मी सगळ्यांसमोर मूळ फाईल उघडून त्याला ती ओळ दाखवली. तो म्हणाला, ‘सर, मेरी स्क्रीन पर तो यह लाइन है ही नहीं.’ मला वाटलं, बहाणा. मग त्याच्या खुर्चीत बसून मी स्वतः पेज उघडलं. ओळ खरंच नव्हती.

का नव्हती, ते समजायला थोडं मागे जाऊ. 1964 मध्ये एमआयटीत जेरोम साल्टझर यांनी ‘रनऑफ’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. मजकुरातच मध्येमध्ये सूचना पेरायच्या. ज्या ओळीचं पहिलं चिन्ह टिंब, ती ओळ छापायची नाही, ती सूचना समजायची. तीच कल्पना बेल लॅब्समध्ये ‘रॉफ’ म्हणून आली आणि जो ओसाना यांनी तिथे एन-रॉफ आणि टी-रॉफ लिहिले. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर 1971 चं. लिनक्सवर आज बहुतेक ठिकाणी जी-रॉफ असतो, जो जेम्स क्लार्क यांनी 1990 च्या सुमारास लिहिला, ओपनबीएसडीवर मॅनडॉक. पण टिंबाचा नियम तोच.

म्हणजे फाईलमध्ये ‘टिंब एसएच’ आलं की पुढचा मजकूर मथळा, ‘टिंब बी’ आलं की ठळक. ही नावं इतकी तोकडी, कारण जुन्या एन-रॉफमध्ये नाव दोनच अक्षरांचं ठेवता येई. बाकीच्या ओळी तुम्ही कुठे तोडल्या याला महत्त्व नाही. प्रोग्रॅम शब्द उचलतो, एकामागे एक लावतो, खिडकी भरली की खाली उतरतो, आणि उजवी कड सरळ यावी म्हणून शब्दांमध्ये जादा जागा सोडतो. मॅन पेजमध्ये मधूनच दोन शब्दांत मोठी फट दिसते ती यामुळेच.

ठळक अक्षरांची गंमत वेगळी. एन-रॉफचं मूळ यंत्र टेलिटाइप, म्हणजे कागदावर ठोकणारा टाइपरायटरच. तिथे ठळक करायचं तर अक्षर ठोका, बॅकस्पेसनं मागे या, पुन्हा तेच अक्षर ठोका. अधोरेखनासाठी आधी रेघ, मग मागे येऊन अक्षर. कागद गेला तरी ही चाल गेली नाही. ‘लेस’ला आजही हे दुहेरी ठोके ओळखता येतात आणि तो ते ठळक करून दाखवतो. आता त्याऐवजी एस्केप चिन्हानं सुरू होणारे संकेतही वापरतात. आपल्या देवनागरीचे मात्र यात हाल होतात. टर्मिनल म्हणजे चौकोनांची वही. ‘क्षि’ दिसायला एक, पण आत चार चिन्हं. त्याला किती चौकोन द्यायचे यावर वेगवेगळ्या प्रोग्रॅमांचं एकमत नसतं, आणि कड वाकडी होते.

आता माझी ओळ. रॉफमध्ये सूचना फक्त टिंबानं सुरू होत नाही, सरळ एकेरी अवतरणचिन्हानंही होते. माझ्या ओळीचं पहिलंच चिन्ह ते. प्रोग्रॅमला वाटलं, ‘--डिलीट' ’ नावाची ही काहीतरी सूचना आहे. अशी सूचना त्याला माहीत नव्हती. माहीत नसलेली सूचना तो मुकाट्यानं सोडून देतो, पूर्ण ओळीसकट. वरचं वाक्य पूर्ण, खालचं पूर्ण. मध्ये काही गळलंय अशी शंकासुद्धा येत नाही. टिंबानं सुरू होणाऱ्या फाईलचं नाव ओळीच्या सुरुवातीला आलं तरी हेच होतं.

उपाय अगदी लहान आहे. ओळीच्या सुरुवातीला बॅकस्लॅश आणि अँपरसँड लिहा. हे चिन्ह शून्य रुंदीचं, पडद्यावर काहीच दिसत नाही, पण ओळीचं पहिलं चिन्ह आता अवतरणचिन्ह राहत नाही. शिवाय पर्यायांतला डॅश साधा न लिहिता बॅकस्लॅश लावून लिहा; नाहीतर काही सिस्टिमवर त्याचा छापील संयोगचिन्ह होतो, दिसायला तसाच, पण कॉपी करून कमांडमध्ये टाकला की चालत नाही. आणि पेज पाठवण्याआधी ‘मॅन’ला ‘--वॉर्निंग्ज’ देऊन चालवा, किंवा मॅनडॉक असेल तर त्याचं ‘लिंट’. माझी ओळ तिथे पहिल्याच झटक्यात सापडली.

दुरुस्त केलेलं पेज मी त्या मुलाला पाठवलं आणि त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो. त्यानं उघडलं, खाली गेला, ओळीवर बोट ठेवलं. म्हणाला, ‘हाँ, अब है.’