एकदांडीच्या पोटात किती फुलं?

शाळेच्या कुंपणापाशी, एसटी स्टँडच्या मागे, फुटपाथच्या फटीत कुठेही बघा, एकदांडी सापडेलच. लांब केसाळ दांडा आणि टोकाला इवलंसं फूल. मधे पिवळं, कडेला फिकट रंगाच्या पाचेक पाकळ्या. कुणी हिला कंबरमोडी म्हणतं, कुणी दगडीपाला. खरचटलं की गावाकडे हिचा पाला चुरगळून लावतात. पण हिचा फोटो काढायला कुणी थांबत नाही. आज आपण थांबू या, आणि तोही मॅक्रो लेन्स घेऊन.

आता ही मॅक्रो लेन्स म्हणजे काय? वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवर पाडू शकते ती खरी मॅक्रो लेन्स. मोठ्या कॅमेऱ्यातला सेन्सर ३६ मिलीमीटर रुंद आणि २४ मिलीमीटर उंच असतो. एकदांडीचं फूल दीडेक सेंटीमीटरचं. म्हणजे ते सेन्सरची अर्ध्याहून जास्त उंची व्यापतं. मग तोच फोटो ३६ सेंटीमीटर रुंद छापला, की फूल दसपट मोठं होऊन समोर येतं!

साध्या लेन्सला हे का जमत नाही? घरी भिंग असेल तर स्वतःच शोधून काढा. दिवसा खोलीत थोडा अंधार करा आणि खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा. मागेपुढे करता करता एका जागी बाहेरचं झाड भिंतीवर उमटेल, चक्क उलटं. (झाडच बघायचं हं, भिंगातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही.) भिंग आणि भिंत यांच्यातलं हे अंतर मोजा. समजा ते १० सेंटीमीटर आलं. आता रात्री दिवे घालवा. मोबाइलचा पडदा भिंगाच्या एका बाजूला त्याच्या दुप्पट, म्हणजे २० सेंटीमीटरवर आणि पांढरा कागद दुसऱ्या बाजूला २० सेंटीमीटरवर धरा. कागदावर पडद्याची अक्षरं उमटतील. उलटी, पण मापाने अगदी तेवढीच!

म्हणजे वस्तू जवळ आली, की भिंगाला कागदापासून लांब सरकावं लागतं. साध्या लेन्सला आतमध्ये तेवढं सरकायला जागाच नसते. मॅक्रो लेन्सची रचनाच मुळी जवळचं टिपण्यासाठी केलेली असते.

चला, एकदांडीकडे. सकाळी लवकर जा, तेव्हा वारा बहुधा पडलेला असतो. हा दांडा इतका लवचिक, की तुम्हाला जाणवतही नाही अशा झुळकेनं फूल चौकटीबाहेर पळतं. दुसरी अडचण याहून मोठी. इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारा भाग फार पातळ असतो, जेमतेम एक मिलीमीटर जाडीचा. फुलाचा मधला भाग स्पष्ट आला, की कडा धूसर. कडा साधल्या, की मधलं सगळं पिवळं पाणी. म्हणून कोपरं जमिनीवर टेकायची, लेन्सची कडी फिरवत बसायचं नाही, आपणच केसभर पुढे-मागे व्हायचं. काही जण कॅमेरा स्टँडवर लावून थोडा थोडा फोकस बदलत पुष्कळ फोटो काढतात आणि मग संगणकावर त्यातले स्पष्ट तुकडे एकत्र जोडतात.

आणि आता बघा काय दिसतं ते. मधला पिवळा गोळा हा गोळा नाहीच, ती फुलांची दाटी आहे! प्रत्येक फूल म्हणजे एक बारीक नळी, तिच्या तोंडाशी पाच टोकं. आणि कडेच्या त्या ‘पाकळ्या’? त्यांच्या टोकाला खाचा दिसतात ना? ती प्रत्येक ‘पाकळी’ म्हणजेही एक अख्खं फूल आहे. आपण एक फूल म्हणून ज्याच्यावरून पाय टाकून पुढे जातो, ती असते फुलांची जत्रा.

मला सगळ्यात आवडतं ते नळीतलं यंत्र. तिथे पाच परागकोश एकमेकांना चिकटून आणखी एक बारीक नळी करतात आणि पराग तिच्या आत सांडतात. मग खालून फुलाची वाढती काडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी वर येते आणि पराग बाहेर ढकलते. ढकलून झाले, की काडीचं टोक दुभंगतं, दोन हात बाहेर वळतात आणि दुसऱ्या फुलाचे पराग घ्यायला तयार होतात. हे काम कडेकडून मधल्या भागाकडे सरकत जातं. त्यामुळे नशीब असेल तर एकाच फोटोत कडेला हात पसरलेली फुलं, त्यांच्या आत पराग नुकतेच बाहेर आलेली फुलं आणि अगदी मधे मिटलेल्या कळ्या, असे तिन्ही टप्पे सापडतात.

बर्लिनच्या कलाशाळेत शिकवणारे कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी शंभरेक वर्षांपूर्वी असंच केलं. रस्त्याकडेची, रेल्वेच्या बांधावरची झाडं गोळा करायची आणि स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं त्यांचे मोठे मोठे फोटो काढायचे. १९२८ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि लोक तणांकडे डोळे फाडून बघू लागले.

मॅक्रो लेन्स महाग असते, हे खरं. पण मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरूनही बरंच साधतं. ऊन कडक असेल तर उन्हाच्या बाजूला पातळ पांढरा कागद धरा, सावल्या मऊ पडतात. फूल तोडायचं मात्र नाही. आणि साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलात, तर फोटोसाठी फुलांत झोपायचं नाही. तिथली ‘सीतेची आसवं’ इतकी नाजूक, की एका कोपराखाली कितीतरी चिरडतील.

दसऱ्याच्या तोरणातला वाळका झेंडू आठवतो? त्याची एक ‘पाकळी’ ओढली, की तळाशी काळी काडी येते. ते बी. पाकळीला बी कसं? आता तुम्हीच सांगा. मग शेवंती, सूर्यफूल आणि जास्वंद भिंगाखाली घ्या. या तिघांतलं एकच खरोखर एकटं फूल आहे. कोणतं?