मैल्याचे खत (भाग ६) : काळ्या जमिनीतला संडास

शोषखड्ड्याचे यश मातीवर अवलंबून असते. गेल्या भागातला दोन खड्ड्यांचा संडास मुरमाड जमिनीत उत्तम चालतो. काळ्या रानात मात्र पावसाळ्यात खड्डा तुंबतो, त्यावर उपाय काय, असे जिंतूरच्या एका वाचकाने विचारले आहे. हा प्रश्न साऱ्या मराठवाड्याचा आहे. त्यामुळे लघवीच्या खतमूल्याचा ठरलेला विषय पुढच्या आठवड्यात.

बेसाल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ओल लागली की ती फुगते, छिद्रे मिटतात आणि पाणी मुरणे जवळजवळ थांबते. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि खड्ड्यातले पाणी न गाळता भेगांमधून खोल उतरू शकते. अशा जमिनीत खड्ड्याभोवती सुमारे ३०० मिलिमीटर जाडीचा वाळू-खडीचा थर भरतात. त्याने पाझराची जागा वाढते, पण पलीकडची माती तीच राहते. सेप्टिक टँकची अडचणही हीच. टाकीतून निघणारे पाणी अर्धवटच शुद्ध झालेले असते. ते जमिनीत मुरले नाही की उघड्या गटारात जाते. भुयारी गटाराला तर रोजचे भरपूर पाणी हवे आणि शेवटी शुद्धीकरण केंद्रही हवे.

खतसंडासात मुरवण्याचा प्रश्नच उरत नाही. तो जमिनीच्या वर बांधतात. खाली दोन पाणबंद कप्पे असतात आणि ते आलटून पालटून वापरतात. लघवी आणि धुण्याचे पाणी वेगळ्या नळीने झाडांच्या वाफ्याकडे जाते. कप्प्यात फक्त मैला पडतो. पाण्याने धुण्याची आपली सवय पाहता ही वेगळी वाट सर्वांत महत्त्वाची, कारण ओल वाढली की हवा खेळत नाही, ढीग सडतो आणि दुर्गंधी सुटते.

प्रत्येक वापरानंतर वर कोरडे आच्छादन टाकतात. मैल्यात कार्बन आणि नायट्रोजन यांचे गुणोत्तर साधारण ६ ते १० असते. नीट कुजण्यासाठी ते २५ ते ३० लागते. ही तूट सोयाबीनचे भुसकट, तुरीचे कुटार किंवा पळाट्यांचा चुरा भरून काढतो. राखेत कार्बन जवळजवळ नसतो. ती ओल शोषते आणि अल्कता वाढवून रोगजंतूंना मारक ठरते. म्हणून दोन्ही हवेत.

सर्वांत चिवट असतात जंतांची अंडी. मोठा ढीग ५५ अंशांच्या वर तापला तर ती मरतात, पण घरगुती कप्पा सहसा इतका तापत नाही. तिथे काळच काम करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनानुसार २० ते ३५ अंश तापमानात एक वर्षाहून अधिक साठवण लागते. तयार खतही मातीत मिसळूनच द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नये.

ही मुदत पाळणे हा माणुसकीचाही प्रश्न आहे. पाटीच्या संडासाने एका समाजावर पिढ्यान्‌पिढ्या मैला वाहणे लादले. आप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम स्वतः मागितले. ते नाकारले गेले, तेव्हा डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी मैल्याचे खत करण्याचे काम हाती घेतले. २०१३ च्या कायद्याने पूर्ण कुजण्याआधी मैला हाताने काढावा लागणारा संडास बेकायदा ठरवला आहे. वेळेआधी उघडलेला कप्पा पाटीच्याच संडासाकडे परत नेतो.

दाट गल्लीत, जिथे कप्प्यांना जागा नाही आणि खताला शेत नाही, तिथे हा उपाय बसत नाही. शेतवस्तीवर, परसदार असलेल्या घरी आणि उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावी तो शोषखड्ड्याहून सरस आहे. बांधणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे : कप्पा बंद केल्याची तारीख त्याच्या झाकणावर लिहावी आणि वर्ष उलटून गेल्याशिवाय तो उघडू नये.