काळवंडलेल्या चांदण्याची नक्कल

1880 सालच्या शरद ऋतूत सेंट पीटर्सबर्गला एक प्रदर्शन भरलं. त्यात चित्र एकच होतं. दालनाच्या खिडक्यांवर पडदे ओढलेले, आत अंधार आणि विजेच्या दिव्याचा उजेड तेवढा कॅनव्हासवर. बाहेर रस्त्यावर बग्ग्यांची रांग लागे. आत गेलेली माणसं चित्राच्या पाठीमागे डोकावून पाहत, कारण नदीच्या पाण्यावर एवढं लखलखणारं चांदणं नुसत्या रंगातून येतंय यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता. हे चित्र आर्खिप कुईंजीचं, ‘नीपर नदीवरची चांदणी रात्र’. आकार साधारण 105 × 145 सेंटीमीटर, तैलरंग, आज सेंट पीटर्सबर्गच्याच रशियन म्युझियममध्ये.

आज ते चित्र तसं दिसत नाही. सावल्या काळवंडल्या आहेत, काठावरचे तपशील बुडाले आहेत. ज्याला या चित्राची नक्कल करायची असेल त्याच्यापुढे रंग कालवायच्या आधीच प्रश्न उभा राहतो: 1880 सालचं चित्र करायचं की आजचं?

हा प्रश्न मला डोंबिवलीत पडला. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या आमच्या पिढीला रशियन चित्रं भेटली ती स्वस्त, देखण्या सोव्हिएत पुस्तकांतून आणि मासिकांतून. रेपिनचे गलबत ओढणारे मजूर, शिश्किनच्या पाइनच्या जंगलातली अस्वलं, क्राम्स्कोयची बग्गीत बसलेली अनोळखी स्त्री ही चित्रं कितीतरी घरांत कापून भिंतीला लावलेली असत. छापलेल्या कागदाला थर नसतात, हे तैलरंग हाती घेईपर्यंत ध्यानात येत नाही. छापील चित्र सगळीकडे सारखंच सपाट. मूळ चित्रात मात्र एके ठिकाणी रंग नखाएवढा जाड आणि शेजारी इतका पातळ, की कापडाची वीण दिसावी.

कुईंजी जन्मला मारिउपोलमध्ये, आज युक्रेनमध्ये असलेल्या बंदराच्या शहरात, एका गरीब ग्रीक कुटुंबात. आईवडील लहानपणीच गेले. छायाचित्रांना रिटचिंग करून तो पोट भरत असे. समुद्रचित्रांसाठी गाजलेल्या आयवाझोव्स्कीकडे शिकायला गेला, तर तिथे रंग घोटण्यासारखी कामं वाट्याला आली. सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीनं सुरुवातीला प्रवेश नाकारला. पुढे तो ‘फिरते चित्रकार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तववादी मंडळींमध्ये सामील झाला. अकादमीच्या पौराणिक विषयांना कंटाळलेल्या चित्रकारांची ही संघटना 1870 साली स्थापन झाली होती. त्यांची प्रदर्शनं गावोगाव फिरत. बाकीचे शेतकरी, कैदी, मजूर रंगवत होते. कुईंजीला ओढ होती उजेडाची. रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेयेव्ह त्याचा मित्र. भौतिकशास्त्रज्ञ पेत्रुशेव्स्की डोळ्याला छटांमधला फरक कितपत जाणवतो याचा अभ्यास करी, त्याच्याकडूनही कुईंजी शिकत होता. आपल्या देशाशी त्याचा धागा त्याच्या विद्यार्थ्यातून जुळतो. अकादमीत त्याच्या हाताखाली शिकलेला निकोलाय रोरिक 1923 च्या डिसेंबरात मुंबईला उतरला आणि पुढे हिमालयात कुलूच्या खोऱ्यात स्थायिक झाला. रोरिकच्या हिमशिखरांवरचा तो अनैसर्गिक वाटणारा आणि तरीही खरा निळा-जांभळा उजेड पाहिला की गुरू आठवतो.

आता चांदण्याकडे. नळीतला सर्वांत पांढरा रंगही चंद्राएवढा उजळ नसतो, तो फक्त पांढरा असतो. म्हणून पाणी चमकवायचं असेल तर बाकी सगळं खाली उतरवावं लागतं. कुईंजीनं जमीन ऊबदार, तांबूस तपकिरी अंधारात ठेवली आणि नदीला थंड, हिरवट रुपेरी छटा दिली. उष्णाशेजारी शीत आलं की शीत आणखी शीत दिसतं. काठावरच्या झोपडीतला इवलासा तांबूस उजेड झाकून पाहा, नदीची हिरवाई लगेच मंदावते. अंधार त्यानं पातळ, पारदर्शक थरांनी रचला. त्यात शिरलेला उजेड आतच जिरतो, म्हणून तो खोल वाटतो. चांदणं जाड आणि अपारदर्शक, उजेड परतवणारं.

थर लावायचा जुना नियम साधा आहे: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. अळशीचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं, आणि वाळताना त्याचं वजन वाढतं. वरचा थर आधी वाळला आणि खालचा नंतर हलत राहिला, तर भेगा पडणारच. शिवाय प्रत्येक रंगाची चाल निराळी. बर्न्ट अंबरमध्ये मँगनीज असल्यानं तो भराभर वाळतो, आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो. म्हणून खाली अंबर आणि वर काळा. उलटा क्रम केला की चित्र आपल्या डोळ्यांदेखत फाटतं.

एकोणिसाव्या शतकातल्या अनेक चित्रकारांना मोह पडला तो डांबराचा. पातळ लावलं तर इतका सुंदर, मधासारखा पारदर्शक तपकिरी दुसऱ्या कशातून मिळत नाही. पण डांबर तेलाला नीट वाळू देत नाही. तापलेल्या दुधावर साय धरावी तशी वर कातडी येते, खाली ओलंच राहतं. वर्षं जातात तसा थर सुरकुततो, काळा पडतो. कुईंजीच्या या चित्रातही असे रंग होते असं मानतात. क्राम्स्कोयनं तर 1880 सालीच पत्रात शंका बोलून दाखवली होती की हे रंगांचे मेळ टिकतील ना. त्यात चित्र विकत घेणाऱ्या ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटिननं ते जहाजावर सोबत नेलं. कादंबरीकार तुर्गेन्येव्हनं त्याला परावृत्त करायचा प्रयत्न केला, तो फुकट गेला. खारी, दमट हवा लागली ती लागलीच.

खारी दमट हवा आपल्याला नवी नाही. कल्याणला दुर्गाडीखाली खाडी, ठाण्यालाही खाडी, आणि पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओल. युरोपात कॅनव्हासला सरसाचा लेप देऊन त्यावर अस्तर चढवत. सरस दमटपणात फुगतो, कापड सैल पडतं, मागून बुरशी येते. माझं स्पष्ट मत आहे की कोकणपट्टीत सरसाचा हट्ट सोडावा आणि अ‍ॅक्रिलिकचं अस्तर वापरावं. परंपरेचा मान थरांच्या क्रमात आहे, जनावराच्या चामड्यात नाही. कामाला हात घालावा तो नवरात्र उलटल्यावर. आणि अर्धवट चित्र धुळीच्या भीतीनं कपाटात कोंडू नये, अंधारात अळशीचं तेल पिवळं पडतं.

डांबराच्या जागी मी बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि पारदर्शक आयर्न ऑक्साइडचा मेळ घेतला. शिशाचा सफेदा विषारी, म्हणून टिटॅनियम व्हाइट, जो कुईंजीच्या काळात बाजारात नव्हताच. झिंक व्हाइट टाळला, कारण वर्षांनी तो ठिसूळ होऊन पापुद्रे सुटतात. सगळ्या कॅनव्हासवर आधी टर्पेंटाइनमधला पातळ अंबर. मग आभाळ आणि ढग. नदीची जागा पॅलेट नाइफनं जाड पांढऱ्यात उभी केली, हाताला कोरडी लागेपर्यंत वाळू दिली, त्यावर व्हिरिडियनचा पातळ हात फिरवून लगेच कापडानं टिपला. हिरवा रंग फक्त खाचांत उरला आणि उंचवटे पांढरे राहिले. जमिनीचा तपकिरी थर सर्वांत शेवटी, एकावर एक. प्रत्येक थरानंतर नदी आणखी उजळते, तिला न शिवता! हे छापील चित्र कितीही न्याहाळलं तरी कळलं नसतं.

रंग म्हणजे रसायन, हे डोंबिवलीकराला सांगावं लागत नाही. 2014 च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला, 2020 च्या फेब्रुवारीत रासायनिक कारखान्यांच्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. नळीवर छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लागावी ती अशा गावात. रंगाचं दुकानातलं नाव काहीही असो, टिकणार की नाही हे त्या क्रमांकावरून कळतं.

1880 की आज, या प्रश्नावर मला वाट दाखवली अजिंठ्यानं. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करत होता. त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग 1872 पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत बसले. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यापैकीच. काम 1885 पर्यंत चाललं, आणि त्याच वर्षी लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातल्याही कितीतरी नकला गेल्या. उरलेल्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. भिंतीवरून नंतर झडून गेलेला एखादा चेहरा आज त्या कॅनव्हासवरच सापडतो. पण रंग उठून दिसावेत म्हणून नकलाकारांनी मूळ भिंतींनाच वार्निश लावलं होतं, आणि ते पिवळं पडून चित्रं झाकोळली. त्या मुलांच्या कष्टांबद्दल मला अपार आदर आहे, आणि त्या वार्निशाबद्दल तितकंच दुःख. मूळ वस्तूला हात न लावता तिच्या एका विशिष्ट दिवसाची साक्ष नोंदवणं, एवढाच नक्कल करणाऱ्याचा अधिकार.

म्हणून मी 1880 निवडलं. आजचा काळसरपणा कुईंजीनं रंगवलेला नाही, तो डांबरानं आणि समुद्रानं रंगवला आहे. त्याची हुबेहूब नक्कल करणं म्हणजे आजाराचं व्यक्तिचित्र काढणं. आधाराला साक्षीदारांची वर्णनं आहेत, आणि कुईंजीनं स्वतःच 1882 मध्ये केलेली याच चित्राची दुसरी आवृत्ती आहे, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत. तरीही काही जागी निवड माझीच आहे, आणि ती लपवून ठेवणं अप्रामाणिक ठरेल. कॅनव्हासच्या पाठीमागे मूळ चित्रकाराचं नाव, ही नक्कल असल्याची नोंद, थरांचा क्रम आणि प्रत्येक रंगद्रव्याचा क्रमांक लिहिला आहे.

मूळ रशियन चित्र पाहायला इथून जाणं सर्वांना जमणारं नाही. पण एकोणिसाव्या शतकातला तैलरंग जवळून वाचायला सीएसएमटीची लोकल पुरते. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आहेत. समोर उभं न राहता बाजूनं, तिरप्या नजरेनं पाहावं. उंचवटे, पातळ जागा, वार्निशची चकाकी सगळं दिसू लागतं.

माझ्या चित्राला अजून वार्निश नाही. जाड पांढरा वरून कोरडा वाटला तरी आतून घट्ट व्हायला महिने लागतात, आणि नदी या चित्रात सर्वांत जाड आहे. पावसाळा मध्ये येणार, त्यामुळे पुढच्या दिवाळीनंतरची कोरडी हवा धरून चाललो आहे. तोवर ते खिडकीसमोरच्या भिंतीवर, उजेडात आहे.