आधी पैसा की आधी निदान?

“आधी पैशांची जुळवाजुळव होऊ द्या, मग दाखवू मोठ्या डॉक्टरांना, पाठीचंच दुखणं आहे, त्यानं कुणी आज-उद्या दगावत नाही.” हे उद्गार गेल्या कित्येक वर्षांत मी इतक्या ओसऱ्यांवर, इतक्या निरनिराळ्या माणसांच्या तोंडून आणि इतक्या ठाम स्वरात ऐकले आहेत की, ते पुन्हा कानी पडले म्हणजे माझा संयम सुटतो. बोलणारी माणसे अडाणी नसतात आणि निष्काळजी तर मुळीच नसतात. घरात दोन लाखांचा विमा आहे, ऑपरेशनचा आकडा पाच-सहा लाखांचा ऐकला आहे आणि मधली तूट भरून निघेपर्यंत रोग्याने कळ काढावी, असा हिशेब त्यांनी सरळ मनाने मांडलेला असतो. परंतु मणका वाट पाहतो हे या हिशेबातले पहिले गृहीत आणि पैसा निदानाच्या आधी उभा करावा लागतो हे दुसरे, ही दोन्ही सपशेल चुकीची असल्यामुळे, काटकसरीच्या बुद्धीने केलेला हा विलंब पुष्कळ घरांत एका धडधाकट माणसाचे हातपाय घेऊन जातो.

पहिले गृहीत आधी तपासू. साध्या कंबरदुखीचे बहुतेक रोगी काही आठवड्यांत बरे होतात हे खरे. पण त्या अनुभवावरून कण्याच्या सर्वच विकारांना एका मापाने मोजणे घातक आहे. कण्याच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि मानेच्या भागात झिजलेली हाडे, फुगलेल्या चकत्या किंवा कठीण झालेले अस्थिबंध यांनी तो आवळला जाऊ लागला, म्हणजे कित्येकदा वेदना अगदी थोडी असते, किंवा नसतेच. आमचे मावसभाऊ, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, धंद्याने शिंपी. त्यांना प्रथम सुईत दोरा ओवेना, पुढे स्वतःच्या शर्टाची बटणे लावायला वेळ लागू लागला आणि मग चालताना एका पायातली चप्पल मागे राहून जाई तरी त्यांना कळत नसे. मान दुखत नव्हती म्हणून कुणाला मानेची शंका आली नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना मात्र ती आली आणि त्यांनी एमआरआय करण्यास सांगितले. तेव्हा घरात ठरले की उसाचे बिल आले म्हणजे करू. बिल आले ते सोसायटीच्या कर्जात वळते झाले, आणि असे करता करता चौदा महिने गेले.

मानेतला रज्जू आवळण्याच्या या रोगासाठी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मध्यम व तीव्र अवस्थेतील रुग्णांसाठी शस्त्रक्रियेची स्पष्ट शिफारस आहे, आणि सौम्य अवस्थेतही शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालील व्यायामोपचार यांपैकी एक मार्ग स्वीकारून, प्रकृती ढासळताच शस्त्रक्रियेचा विचार करावा असे म्हटले आहे. शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू ऱ्हास थांबविणे हा असतो. गेलेली शक्ती किती परत येईल हे रज्जू किती तीव्रतेने आणि किती काळ दबून राहिला यावर पुष्कळ अवलंबून असते. कमरेखालच्या मज्जातंतूंचा जुडगा एकाएकी दबला, तर मुदत महिन्यांची न राहता तासांची होते: मांड्यांच्या आतली व बैठकीची जागा बधिर होणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे आणि पायांतली शक्ती जाणे ही त्याची लक्षणे होत. अशा ३२२ रुग्णांच्या माहितीचे संकलन २००० साली ‘स्पाइन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यात लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांची सुधारणा उशीर झालेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या चांगली आढळली. लघवी अडलेल्या माणसाला ‘सोमवारी बँक उघडली की नेऊ’ असे म्हणणाऱ्याला मी कळवळून सांगतो की, बाबा, आज रविवारी रात्रीच ने.

आता दुसरे गृहीत, ज्याच्यामुळे माझा जीव अधिक तळमळतो. अण्णांचे ऑपरेशन अखेर एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले, आणि ज्या रकमेसाठी आम्ही चौदा महिने घालविले ती रक्कम भरावी लागलीच नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली आणि पुढे हे नाव धारण केलेली ही योजना, २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांच्या पलीकडे जाऊन शुभ्र शिधापत्रिकाधारकांनाही खुली करण्यात आली आणि तिचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्ष पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. तिचे दप्तर मात्र एका ठरावीक क्रमाने चालते: रोगी योजनेशी जोडलेल्या, म्हणजे अंगीकृत, रुग्णालयात जातो, तेथील योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, शिधापत्रिका व ओळखपत्र पाहून नोंद करतो, डॉक्टर निदान लिहितात, रुग्णालय एमआरआय व अहवाल जोडून पूर्वपरवानगीची मागणी करते आणि मंजुरी आल्यावर योजनेत मोडणारी शस्त्रक्रिया होते. या क्रमात पैसा उभा राहतो तो निदानाच्या कागदावर. तो कागद हाती येण्याआधी पैसे जमवीत बसलेला मनुष्य जिथून मदत निघायची त्या दाराशी पोहोचतच नाही, आणि पहिल्या तपासणीचा खर्च ही सबबही फारशी टिकत नाही, कारण राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत.

ज्यांचा उपचार योजनेच्या यादीत बसत नाही, त्यांच्यासाठी कायद्यात आणखी एक तरतूद आहे आणि ती कोणाची मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना यांनुसार, धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० रुपये व दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये आहे. पुराव्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. तातडीच्या रुग्णाकडे अनामत रक्कम मागण्यास याच योजनेत स्पष्ट मनाई आहे. एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाच्या खिडकीवर ‘खाटा शिल्लक नाहीत’ असे मला तोंडी सांगण्यात आले होते. तेच उत्तर मी लेखी मागितले आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करण्याचा मनोदय शांतपणे कळविला, तेव्हा दुसऱ्या दिवशी खाट मिळाली. प्रत्येकाला ती मिळेलच असे वचन मी देऊ शकत नाही, पण न मागणाऱ्याला ती मिळत नाही हे निश्चित.

घरातला तुटपुंजा विमाही टाकाऊ समजू नये, तो वाचावा. पुष्कळ पॉलिसींत चकती सरकण्यासारख्या विकारांसाठी २४ महिन्यांची प्रतीक्षा असते, पण अपघाताने झालेल्या इजेला सामान्यतः ती लागू नसते. पूर्वीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा २०२४ च्या नियमांनी कमाल ३६ महिन्यांवर आणली आहे. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडणारी खोली घेतली, तर डॉक्टरांच्या शुल्कासह इतर बाबींनाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते, म्हणून लहान पॉलिसीवाल्याने साधी खोलीच घ्यावी. दावा अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तिथे दाद न लागल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत.

उरलेले गैरसमज थोडक्यात निकालात काढतो.

‘मणक्यात गॅप आला आहे.’ बहुधा घडते ते याच्या उलट: चकती झिजून दोन मणक्यांमधले अंतर कमी होते.

‘एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसली, म्हणजे ऑपरेशन आलेच.’ २०१५ च्या एका व्यापक आढाव्यात, कोणताही त्रास नसलेल्या विशीतल्या माणसांपैकीही ३० टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. निर्णय लक्षणे व तपासणी यांवर होतो.

‘मणक्याला हात लावला की माणूस लुळा होतो.’ धोका आहे आणि तो शल्यचिकित्सकाला विचारून घ्यावा. पण दबलेला रज्जू तसाच सोडण्याचा धोकाही त्याच बैठकीत विचारावा.

‘मणक्याचा क्षय म्हणजे शस्त्रक्रियाच.’ अनेक रुग्ण औषधांनीच बरे होतात, ती औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, आणि बरे वाटले तरी ती पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावी लागतात.

‘जुना आजार सांगू नये, पॉलिसी मिळत नाही.’ लपविलेला आजार दाव्याच्या वेळी उघडकीस आला, तर हप्तेही गेले आणि विमाही गेला.

‘मालीशवाल्याने मान मोडून दिली की नस मोकळी होते.’ आवळलेल्या रज्जूच्या माणसाची मान झटक्याने मोडणे हे त्याला कायमचे पंगू करण्याचे साधन ठरू शकते.

अण्णा आता काठी घेऊन देवळापर्यंत जातात. ऱ्हास थांबला, पण बोटांत सुई परत आली नाही आणि यंत्रावर मुलगा बसतो. ज्यांच्या घरात कोणाला शर्टाचे बटण लावायला पूर्वीपेक्षा वेळ लागू लागला असेल, चप्पल नकळत सुटू लागली असेल किंवा अंधारात तोल जाऊ लागला असेल, त्यांनी शिधापत्रिका व जुने कागद एका पिशवीत घालून याच आठवड्यात त्या माणसाला सरकारी अथवा अंगीकृत रुग्णालयात न्यावे. उसाच्या बिलाची वाट तिथून परत आल्यावरही पाहता येईल.