बारावीनंतर शाळेत सहा हजारांवर जायचं की डीएलएड करायचं? आधी हा हिशेब पाहा

लोहारा (जि. यवतमाळ) : बारावी झाली, वय अठरा पूर्ण. जिल्हा परिषद शाळेत मदतनीस म्हणून शिकवायला मिळतंय म्हटल्यावर मुलं-मुली लगेच हो म्हणतात. पण शिक्षकच व्हायचं असेल, तर आधी दोन्ही बाजू समजून घ्या.

महिन्याला किती?
मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये सुरू झाली. यात बारावी पास उमेदवाराला महिन्याला 6,000 रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं. पैसे थेट बँक खात्यात. मुदत आधी 6 महिने होती, पुढे 11 महिने झाली. म्हणजे बारावीवाल्याला पूर्ण मुदतीचे 66,000 रुपये.

अडचण कुठे?
शिक्षण चालू असलेला उमेदवार या योजनेत बसत नाही. म्हणजे कॉलेज आणि शाळेतलं काम, दोन्ही सोबत जमत नाही. दुसरं म्हणजे हे प्रशिक्षण आहे, नोकरी नाही. मुदत संपली की काम संपलं. अनुभवाचं प्रमाणपत्र मिळतं, पण त्यावर कायम शिक्षक होता येत नाही.

शिक्षक व्हायला काय लागतं?
पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतर दोन वर्षांचं डीएलएड, मग टीईटीचा पेपर एक आणि टेट. त्यानंतर पवित्र पोर्टलवरून भरती. डीएलएडला खुल्या प्रवर्गात बारावीला साधारण 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सूट आहे. 'पदवी घेऊन बीएड करू' असं म्हणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं : सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2023 च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही.

वर्गात उभं राहायचा सराव हवा म्हणून मदतनीस व्हायचं असेल, तर तो सराव डीएलएडमध्येही मिळतो. तिथे शाळेतली इंटर्नशिप अभ्यासाचाच भाग आहे.

मग करायचं काय?
टक्के आहेत आणि घरून दोन वर्षं निभत असतील, तर प्रवेश आधी घ्या. कापूस-सोयाबीनने दगा दिला, घरात पैशाची निकड आहे, तर मदतनीस होण्यात कमीपणा नाही. फक्त पुढच्या प्रवेशाची तारीख चुकू देऊ नका आणि दर महिन्याला थोडे पैसे फीसाठी बाजूला टाका. रुजू होण्याआधी कालावधी लिहिलेला आदेश हातात घ्या, खातं आधारला जोडलेलं आहे का तेही पाहा.

सहा हजार आज कामी येतात. पण "पुढच्या वर्षी शिकू" म्हणता म्हणता शिक्षण सुटलं, तर ते वर्ष परत येत नाही.