अंगठा, सही आणि नमुना पाच

गावाचा कारभार पाहणारा माणूस किती शिकलेला असावा, हा प्रश्न पारावर चटकन सुटतो. कायद्याला तो अजून नीट सुटलेला नाही. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायत निवडणुकीला शिक्षणाची अट घातली. सर्वसाधारण उमेदवार दहावी पास हवा. स्त्रिया आणि अनुसूचित जातींचे उमेदवार यांना आठवी पुरेल. पंचपदासाठी उभ्या राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या स्त्रीला पाचवी. राजबाला नावाच्या महिलेच्या याचिकेवर १० डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट वैध ठरवली. बरंवाईट पारखण्याची शक्ती शिक्षणानेच येते, असा निकालातला युक्तिवाद होता. राजस्थाननेही अशीच अट घातली होती. ती २०१९ मध्ये मागे घेतली गेली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये थेट सरपंच निवडीबरोबर सातवी पासची अट आणली, पण १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांपुरतीच. ज्यांच्या लहानपणी गावात शाळा होती त्यांनाच शाळेचा जाब विचारायचा, एवढं तारतम्य तिच्यात आहे. आमदार-खासदारांना अशी कुठलीच अट नाही, हे जाता जाता.

मी या विषयाकडे विद्यापीठातून आलेलो नाही. माझ्या नावापुढे पदवी नाही. गेली काही वर्षं ग्रामसभांत आणि सरपंचांच्या प्रशिक्षणवर्गांत मागच्या सतरंजीवर बसून, जमेल तसं वाचत, मी याच्या नोंदी ठेवत आलो. त्यामुळे माझा कल कुणीकडे असेल हे वाचकाने गृहीत धरावं. पण नोंदींनी मला सरळ एका बाजूला उभं राहू दिलेलं नाही.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतींतल्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. ‘बाई नावाला, कारभार नवऱ्याचा’ ही टीका तेव्हापासून ऐकू येते, आणि ती सगळीच खोटी नाही. पण राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांत पंचायतींचा खर्च कुठे जातो ते तपासलं. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. राखीव जागांवर आलेल्या स्त्रिया कमी शिकलेल्या होत्या. तरीही दोन्ही ठिकाणी त्यांच्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक काम केलं. रस्त्यांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे वेगळं घडलं. बंगालमध्ये बायका रस्त्यांसाठी तक्रार करत होत्या, तिथे रस्ते वाढले. राजस्थानात रस्ते ही मुख्यतः पुरुषांची मागणी होती, तिथे कमी झाले. म्हणजे काय मागायचं, ते या स्त्रियांनी हंडा वाहताना ठरवलं होतं. त्यासाठी दाखला लागला नाही.

गोष्ट इथेच थांबली असती तर फार सोपं होतं. पण पाण्याची टाकी बांधायची तर ठराव लागतो, अंदाजपत्रक लागतं, धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या लागतात, आणि खर्च नमुना पाचमध्ये, म्हणजे रोकडवहीत, चढतो. ग्रामपंचायतीच्या दप्तरात असे तेहतीस नमुने. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला, तेव्हा या वह्यांचं वजन आणखी वाढलं. ज्याला वही वाचता येत नाही, त्याची सही दुसऱ्याच्या कामी येते. हे मी पाहिलेलं आहे, आणि म्हणून ‘अनुभव असला की झालं’ हे शहरी कौतुक मला पटत नाही.

एका वर्गातला प्रसंग सांगतो. प्रशिक्षक सकाळपासून कलमं वाचून दाखवत होते. समोर तीसेक सरपंच, निम्म्याहून अधिक बाया, बऱ्याचजणी पेंगत होत्या. दुपारी दुसऱ्या प्रशिक्षक आल्या. त्यांनी विचारलं, ‘‘बचत गटाचा हिशेब कोणकोण ठेवतं?’’ वीस हात वर गेले. मग त्यांनी फळ्यावर गटाची वही आखली: आलेले पैसे, गेलेले पैसे, शिल्लक. त्याच रकान्यांवर त्यांनी फक्त शीर्षक बदललं आणि म्हणाल्या, ‘‘हा तुमचा नमुना पाच.’’ नंतर नमुन्याची एक रोकडवही हातोहात फिरवली. अक्षर जेमतेम जुळवता येणाऱ्या एक आजी बराच वेळ एका पानावर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘ताई, मोटार एक बसवली म्हणता, तर बिलं दोन कशी?’’ चूक प्रशिक्षकांनी मुद्दाम पेरलेली होती. वर्गातल्या तीन पदवीधरांच्या हातून ते पान आधी पुढे गेलं होतं.

आजींना संशय घ्यायला घरखर्चाने शिकवलं होतं. संशय कुठे घ्यायचा ते त्या दिवशी रकान्याने दाखवलं. सकाळच्या वर्गात हे घडणं शक्य नव्हतं, कारण तिथे शिक्षण वरून येत होतं आणि बाईंनी आणलेलं दाराबाहेर चपलांपाशी राहिलं होतं. आपल्याकडची बरीच प्रशिक्षणं अजून सकाळच्या वर्गासारखी आहेत. हजेरी, किट, जेवण, समूहफोटो.

दाखल्याची दारं वाकवता येतात, याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शाळा सुटलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम ठेवला, आणि दहावी-बारावी नसलेल्यांना पदवीपर्यंत जाण्याची वाट दिली. पाच वर्षं गाव चालवलेल्या बाईला त्या पाच वर्षांचं श्रेय कुठल्या अभ्यासक्रमात मिळावं, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

कारण आरक्षण फिरतं. पाच वर्षांनी जागा दुसऱ्या प्रवर्गाकडे जाते, खुल्या जागेवर बाईला तिकीट सहसा मिळत नाही, आणि रोकडवही वाचायला शिकलेली सरपंच पुन्हा शेतावर जाते. नवी येते, तिच्यासाठी पुन्हा कलमांपासून सुरुवात. त्या दुपारच्या प्रशिक्षक स्वतः दोन पंचवार्षिकांपूर्वीच्या सरपंच होत्या. शिक्षण नववी. मानधनाच्या तक्त्यात ‘शैक्षणिक अर्हता’ या रकान्यापुढे त्यांना रेघ मारावी लागली होती, आणि म्हणून सकाळच्या वक्त्यापेक्षा त्यांना कमी पैसे मिळाले.